क्रेता आयेर ते चायनाटाउन : सिंगापूरच्या एका जुन्या पेठेचा इतिहास

सिंगापूरच्या लोकसंख्येत सुमारे तीन चतुर्थांश लोक चिनी वंशाचे आहेत, तरीही त्या शहराच्या एका लहानशा भागालाच ‘चायनाटाउन’ म्हटले जाते. लंडन, सॅन फ्रान्सिस्को किंवा कोलकाता येथे चिनी लोक थोडे होते आणि त्यांची वस्ती बहुसंख्यांच्या शहरात वेगळी उठून दिसत होती, त्यामुळे तेथे असे नाव पडणे साहजिक होते. सिंगापुरात मात्र एका गल्लीला चिनी म्हणावे तर शेजारची गल्लीही तितकीच चिनी निघते. या विसंगतीचे मूळ दोन वेगवेगळ्या काळांत सापडते. एक म्हणजे १८२२ ची वसाहतकालीन नगररचना, जिने वंशानुसार वस्त्या आखल्या. आणि दुसरा म्हणजे १९८० नंतरचा काळ, जेव्हा पर्यटनाच्या गरजेतून याच वस्तीला नवे रूप देण्यात आले. या दोहोंच्या मधली दीडशे वर्षे हमालांनी, रिक्षा ओढणाऱ्यांनी, सुतारांनी, पाणक्यांनी आणि मोलकरणींनी घडवली, आणि आज लाल कंदिलांखालून फिरणाऱ्या प्रवाशाला नेमकी तीच वर्षे सर्वांत कमी दिसतात.

ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी सर स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी फेब्रुवारी १८१९ मध्ये सुलतान हुसेन आणि तेमेंग्गोंग अब्दुल रहमान यांच्याशी करार करून सिंगापूर बेटावर वखार घातली. तेमेंग्गोंग हे मलय राज्यव्यवस्थेतील एका मोठ्या अधिकाऱ्याचे पद होते. जकात नसलेले खुले बंदर असल्यामुळे तीन-चार वर्षांतच तेथे इतकी गर्दी झाली की १८२२ च्या अखेरीस रॅफल्स यांनी एक नगर समिती नेमली आणि लेफ्टनंट फिलिप जॅक्सन यांच्याकडून शहराचा नकाशा तयार करून घेतला. सिंगापूर नदीच्या उत्तरेस सरकारी इमारती आणि युरोपीयांची घरे, त्यापलीकडे अरब आणि बुगी लोक, नदीच्या नैर्ऋत्येस चिनी ‘कांपोंग’ आणि त्याच्या बाजूला तमिळ मुसलमानांचे, म्हणजे चुलियांचे कांपोंग, अशी ती मांडणी होती. कांपोंग या मलय शब्दाचा अर्थ वाडी किंवा वस्ती. नदीच्या दक्षिण काठावर तेव्हा दलदल होती, म्हणून आजच्या रॅफल्स प्लेसच्या जागी असलेली टेकडी फोडून तिच्या मातीने तो काठ भरून काढण्यात आला. रॅफल्स यांच्या सूचनांमधील एक मुद्दा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. चिनी वस्ती वसवताना त्या लोकांमधील प्रांतभेद लक्षात घ्यावेत, असे त्यांनी समितीला बजावले होते. ज्याला पुढे एकच ‘चिनी’ वस्ती म्हटले गेले तिच्या आत अनेक समाज आहेत, हे वसाहतीच्या संस्थापकालाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

जानेवारी १८२४ च्या पहिल्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या १०,६८३ भरली आणि तिच्यात ३,३१७ चिनी होते. १८६० पर्यंत चिनी लोकांची संख्या पन्नास हजारांच्या घरात गेली. हे सारे दक्षिण चीनच्या किनारी प्रांतांतून आलेले होते, पण त्यांच्या बोली एकमेकांना कळत नसत. फुजियान प्रांतातील होक्कियन लोकांनी समुद्रकाठची तेलोक आयेर आणि अमॉय या रस्त्यांची पट्टी धरली आणि मोठा व्यापार आपल्या हाती घेतला. ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व भागातील तेओच्यू लोक नदीकाठी स्थिरावले आणि मिरी व गांबिर यांच्या व्यवहारात शिरले (गांबिर म्हणजे कातासारखा, कातडी कमावण्यास उपयोगी पडणारा वनस्पतिज अर्क). कँटोनीज लोक आतल्या बाजूला, ज्याला क्रेता आयेर म्हणतात त्या भागात राहिले. सुतार, सोनार, शिंपी, खानावळवाले असे कारागीर त्यांच्यात अधिक होते. हाक्का लोहारकाम, औषधे आणि गहाणवटीच्या दुकानांत आढळत. उशिरा आलेल्या हैनानी लोकांना या पेठेत जागाच उरली नव्हती, म्हणून ते नदीपलीकडे मिडल रोडच्या आसपास राहिले आणि गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकी, जहाजांवर खलाशी आणि पुढे कॉफीच्या दुकानांचे मालक झाले. प्रत्येक बोलीचे आपले देऊळ, आपले स्मशान आणि आपला संघ होता. कुळाचे किंवा गावाचे लोक एकत्र येऊन स्थापन करत त्या संघाला ‘हुए कुआन’ असे म्हणतात. नव्याने आलेल्याला काम मिळवून देणे, आजाऱ्याची सोय लावणे, मेलेल्याचे अंत्यविधी करणे आणि गावाकडे पत्र-पैसे पोहोचवणे ही सरकारने न केलेली कामे हे संघ करत असत. या समाजांमध्ये वैरही तितकेच तीव्र होते. १८५४ मध्ये होक्कियन आणि तेओच्यू यांच्यात झालेली दंगल दहा दिवसांहून अधिक चालली आणि तिच्यात सुमारे चारशे माणसे मारली गेली.

तेलोक आयेर रस्ता आज उंच इमारतींच्या सावलीत, समुद्रापासून बराच आत आहे, पण १८७९ पासून आठेक वर्षे चाललेल्या भरणीपूर्वी तोच किनारा होता. वॉलिच टेकडी आणि पामर टेकडी खणून काढलेली माती समुद्रात टाकण्यात आली आणि किनारा पुढे सरकला. देवळे मात्र जागची हलली नाहीत. त्यामुळे या एका रस्त्यावरून चालताना जुन्या किनाऱ्याची रेषा आजही स्पष्ट आखता येते. शिडाच्या जहाजातून उतरलेला माणूस वादळातून वाचल्याबद्दल जिथे सर्वप्रथम हात जोडत असे ती ही जागा होती, आणि म्हणूनच वेगवेगळ्या धर्मांची प्रार्थनास्थळे येथे एका ओळीत उभी आहेत. १८२४ मधील फुक तक ची हे हाक्का व कँटोनीज लोकांचे छोटे देऊळ आता संग्रहालय झाले आहे. होक्कियन लोकांचे थियान हॉक केंग हे भव्य मंदिर १८३९ ते १८४२ या काळात बांधले गेले आणि ते खलाशांची रक्षणकर्ती माझू या देवीला वाहिलेले आहे. देवीची मूर्ती चीनहून १८४० मध्ये आली तेव्हा तिची मोठी मिरवणूक निघाली होती. या मंदिराचे लाकूडकाम खिळे न वापरता, तुळया, घोडे आणि खाचा एकमेकांत बसवून केलेले आहे. दगडी खांब व कोरीवकाम चीनहून आले, तर लोखंडी काम पुढे स्कॉटलंडमधील ग्लासगोहून मागवले गेले. १९०७ मध्ये चीनचे सम्राट ग्वांगशू यांनी पाठवलेल्या अक्षरांवरून केलेला फलक येथे लावण्यात आला. मंदिराच्या उभारणीत पुढाकार घेणारे तान तोक सेंग हे मलाक्काहून आलेले, भाजीपाल्याच्या धंद्यातून वर आलेले व्यापारी होते, आणि १८४४ मध्ये गरिबांसाठी त्यांनी ज्या रुग्णालयाची पायाभरणी केली ते आजही त्यांच्या नावाने चालते.

याच रस्त्यावर, थियान हॉक केंगपासून काही पावलांवर, नागोर दर्गा आहे. तमिळनाडूतील नागोर येथील संत शाहुल हमीद यांच्या स्मरणार्थ चुलिया व्यापाऱ्यांनी तो १८२८ ते १८३० च्या दरम्यान बांधला. त्याच्याजवळची अल-अब्रार मशीद १८२७ मध्ये एका झोपडीत सुरू झाली. या रस्त्याच्या आतल्या बाजूला साउथ ब्रिज रोडवर १८२६ मध्ये स्थापन झालेली जामे मशीद आणि १८२७ मधील श्री मरियम्मन मंदिर ही दोन्ही शेजारी शेजारी आहेत. मंदिराचे संस्थापक नारायण पिळ्ळै हे १८१९ मध्ये रॅफल्स यांच्याबरोबर पेनांगहून आले होते आणि सिंगापुरातील पहिली वीटभट्टी त्यांनीच घातली. चायनाटाउनमधील सर्वांत गजबजलेल्या पॅगोडा स्ट्रीटचे नाव एखाद्या चिनी मनोऱ्यावरून पडले असावे, असे पाहणाऱ्याला वाटते. ते पडले या हिंदू मंदिराच्या गोपुरावरून. टेंपल स्ट्रीट आणि मॉस्क स्ट्रीट ही बाजूची नावेही तशीच आलेली आहेत. ज्या साउथ ब्रिज रोडवर ही दोन्ही प्रार्थनास्थळे आहेत तो रस्ता १८३० च्या दशकात वास्तुविशारद जॉर्ज कोलमन यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानातून हद्दपार केलेल्या कैद्यांनी बांधला. १८२५ ते १८७३ या काळात बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतले कैदी सिंगापुरात होते, आणि १८६७ पर्यंत या वसाहतीचा कारभार कलकत्त्याहून चालत असल्याने हिंदुस्थानचे तुरुंग ही तिथल्या मजुरांची हक्काची कोठारे झाली होती. तेव्हा या पेठेच्या उभारणीत भारतीयांचा हात आहे, हे सौजन्यापोटी करायचे विधान नसून दगडमातीत पुरावा असलेली गोष्ट आहे, आणि पर्यटनाच्या पाट्यांवर तिला याहून ठळक जागा मिळायला हवी.

पेठेचे जुने नाव पाण्यावरून पडले. अ‍ॅन सियांग टेकडीच्या विहिरींतून पाणी उपसून ते बैलगाड्यांतून रस्तोरस्ती नेले जाई. मलय भाषेत त्या पाण्याच्या गाडीला ‘क्रेता आयेर’ आणि चिनीत ‘न्यू छे श्वेइ’ म्हणत, आणि ही दोन्ही नावे पेठेला चिकटली. शहराला नळाचे पाणी मिळावे म्हणून तान किम सेंग या व्यापाऱ्याने १८५७ मध्ये १३,००० डॉलरची देणगी सरकारला दिली. पण योजना रेंगाळत राहिली आणि ती पुरती मार्गी लागेपर्यंत दोन दशके लोटली. दात्याच्या नावाचे एक शोभेचे कारंजे १८८२ मध्ये उभारले गेले, तोवर कारागिरांच्या गल्ल्या विहिरींवरच जगत होत्या.

या गल्ल्यांतील घराचा नमुना पुढे सिंगापूरची ओळख बनला. त्याला तेथे ‘शॉपहाउस’ म्हणतात, म्हणजे खाली दुकान किंवा कारखाना आणि वर बिऱ्हाड असलेले, दोन किंवा तीन मजली, एकमेकाला चिकटून रांगेने उभे असलेले घर. दर्शनी बाजू अरुंद आणि खोली मात्र फार, त्यामुळे आत उजेड-वारा यावा म्हणून मधोमध उघडा चौक ठेवलेला असतो. कोकणी किंवा देशी वाड्यातील चौकाशी परिचित असलेल्या वाचकाला त्याचे प्रयोजन वेगळे सांगण्याची गरज नाही. रॅफल्स यांनीच घालून दिलेल्या नियमानुसार प्रत्येक घरापुढे ठरावीक रुंदीची, छप्पर असलेली आणि शेजारच्या घराशी जोडलेली पडवी सोडावी लागे. पादचाऱ्याला ऊन आणि पाऊस टाळून सलग चालता यावे हा तिचा हेतू होता. तिला आजही ‘फाइव्ह-फूट वे’ असे म्हणतात. परंतु दुकानदाराच्या दृष्टीने ही पडवी त्याच्या जागेचाच भाग होती. तेथे न्हावी बसत, चांभार बसत, भविष्य सांगणारे बसत, आणि निरक्षर मजुरांची घरची पत्रे लिहून देणारे लेखनिक लहानशी मेजे मांडून बसत. नगरपालिकेने १८८८ मध्ये या पडव्या मोकळ्या करण्याचा आदेश बजावायला सुरुवात केली तेव्हा दुकाने बंद झाली, दगडफेक झाली आणि तीन दिवस शहर ठप्प राहिले. इतिहासात याला ‘व्हरांडा दंगल’ म्हणतात. सार्वजनिक रस्ता कुठे संपतो आणि खासगी जागा कुठे सुरू होते याविषयीच्या दोन संस्कृतींच्या कल्पना तेथे समोरासमोर आल्या होत्या, आणि अखेरीस काही पावले माघार पालिकेलाच घ्यावी लागली.

दक्षिण चीनमधून येणाऱ्या मजुराला ‘सिनखेक’, म्हणजे नवा पाहुणा, म्हणत. बहुतेकांजवळ प्रवासाचे पैसे नसत. दलाल ते भरत आणि पोहोचल्यावर जो मालक ती रक्कम फेडील त्याच्याकडे मजुराने कर्ज फिटेपर्यंत राबायचे, अशी ती पद्धत होती. बोटीवरून उतरवलेली माणसे पॅगोडा स्ट्रीट व आसपासच्या घरांत कोंडून ठेवली जात आणि तेथूनच सुमात्रा किंवा मलायाच्या मळ्यांकडे आणि कथिलाच्या खाणींकडे रवाना होत. आज ज्या दारांपुढे रेशमी पंखे आणि शोभेच्या वस्तू टांगलेल्या दिसतात, त्यांतील काही दारे ही त्या काळी माणसांच्या व्यापाराची होती. हा व्यापार, तसेच पेठेतील जुगार आणि कुंटणखाने, बऱ्याच अंशी गुप्त मंडळांच्या मुठीत होते. घी हिन हे त्यांतील सर्वांत बलाढ्य मंडळ. १८७७ मध्ये सरकारने ‘चायनीज प्रोटेक्टोरेट’ हे चिनी रहिवाशांच्या संरक्षणाचे खाते काढले आणि विल्यम पिकरिंग यांना त्याचे प्रमुख नेमले. चिनी बोली येणारा हा त्या वसाहतीतील पहिला इंग्रज अधिकारी होता. मजुरांची नोंद आणि करारांची तपासणी सुरू झाल्यावर मंडळांचे उत्पन्न घटले. १८८७ मध्ये एका सुताराने कचेरीतच पिकरिंग यांच्यावर कुऱ्हाडीचे पाते फेकून त्यांना जखमी केले. त्यानंतर दोन वर्षांनी झालेल्या कायद्याने गुप्त मंडळे बेकायदा ठरली.

अफूचा विषय टाळून या पेठेचा इतिहास लिहिता येत नाही. खुल्या बंदरात जकात नसल्याने सरकारला उत्पन्न हवे होते आणि ते मक्त्यांतून मिळे. अफू शिजवून विकण्याचा एकाधिकार लिलावाने मक्तेदाराला दिला जाई आणि एकोणिसाव्या शतकातील बऱ्याच वर्षांत सरकारी महसुलाचा निम्म्याच्या आसपास भाग या एकाच मक्त्यातून येत असे. कच्ची अफू हिंदुस्थानातली होती. गंगेच्या खोऱ्यातील अफूचा लिलाव कलकत्त्यात होई आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे निघे. मुंबईतील अनेक मोठी घराणी आणि त्यांनी उभारलेल्या संस्था याच व्यापारातून उभ्या राहिल्या, आणि सिंगापूर त्या सागरी वाटेवरचा मुक्काम होता. अमॉय स्ट्रीट आणि आसपासच्या रस्त्यांवरील अफूच्या अड्ड्यांत पाय पसरणारा माणूस बहुधा हमाल किंवा रिक्षा ओढणारा असे. दिवसभराच्या ओझ्याने दुखणारे अंग थोडा वेळ बधिर करण्याचे तेच एक परवडणारे साधन होते, आणि त्याच्या कमाईचा मोठा वाटा तेच गिळत असे. माणसाने ओढायची रिक्षा सिंगापुरात १८८० मध्ये शांघायहून आली. उशिरा आलेल्या आणि इतर धंद्यांत वाव नसलेल्या समाजांनी हे काम पत्करले. रिक्षांच्या नोंदणीसाठी १९०३ मध्ये नील रोडच्या कोपऱ्यावर बांधलेली जिनरिक्षा स्टेशनची देखणी विटांची इमारत आजही उभी आहे. इतिहासकार जेम्स वॉरन यांनी या माणसांचे आयुष्य शोधताना मुख्यतः त्यांच्या मृत्यूनंतर झालेल्या चौकशांचे कागद वापरले. जिवंतपणी ज्यांची दखल कोणी घेतली नाही त्यांच्या खोलीत काय सामान होते, खिशात किती पैसे होते, कोणाचे देणे होते, हे त्या कागदांमुळेच आज सांगता येते.

स्त्रिया फार थोड्या होत्या. १८६० च्या सुमारास चिनी समाजात सुमारे चौदा पुरुषांमागे एक स्त्री असे प्रमाण होते. स्मिथ स्ट्रीटवर १८८७ मध्ये बांधलेल्या लाय चुन युएन या तीन मजली नाट्यगृहात कँटोनीज संगीत नाटके होत आणि त्याच रस्त्यावर कुंटणखान्यांच्या रांगा होत्या, जेथे फसवून किंवा विकत आणलेल्या मुली ठेवल्या जात. विसाव्या शतकात चित्र पालटले. मंदीच्या काळात १९३३ मध्ये परकीयांविषयीचा कायदा करून पुरुषांच्या आगमनावर मर्यादा घालण्यात आली, पण ती स्त्रियांना काही वर्षे लागू नव्हती. त्यामुळे ग्वांगडोंगच्या सानश्वेइ जिल्ह्यातून बायका मोठ्या संख्येने आल्या आणि बांधकामावर माती-विटा वाहू लागल्या. डोक्यावर कडक घडीचा लाल फडका बांधणाऱ्या या ‘सामसुई’ बायकांनी युद्धोत्तर सिंगापूरच्या कितीतरी इमारतींचे पाये खणले. दुसऱ्या बाजूला शुंदे जिल्ह्यातून आलेल्या, आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेऊन केसांचा अंबाडा घालणाऱ्या मोलकरणी होत्या. पांढरा सदरा आणि काळी विजार हा त्यांचा वेश होता. दोन्ही प्रकारच्या स्त्रिया क्रेता आयेरमध्ये गटाने खोली भाड्याने घेत आणि मिळकतीतून गावाकडे पैसे धाडत.

शॉपहाउसच्या वरच्या मजल्यांवर लाकडी फळ्या उभ्या करून लहान लहान कप्पे पाडलेले असत आणि एकेका कप्प्यात एक कुटुंब किंवा पाळीपाळीने झोपणारे मजूर राहत. अनेक कप्प्यांना खिडकी नसे. गिरणगावातील चाळीच्या एका खोलीत दाटीवाटीने राहणारे बिनकुटुंबाचे कामगार आणि त्यांच्या खानावळी मराठी वाचकाला ठाऊक आहेत. ही तुलना प्रशासनाच्या इतिहासातही खरी ठरते. सिंगापूरच्या आरोग्याची पाहणी करून १९०७ चा अहवाल लिहिणारे डब्ल्यू. जे. सिम्पसन हे पूर्वी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते, आणि १९२७ मध्ये स्थापन झालेला सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हा मुंबईत प्लेगनंतर १८९८ मध्ये निघालेल्या अशाच ट्रस्टच्या परंपरेतला होता. १९४७ मध्ये मुंबईप्रमाणेच सिंगापुरातही भाडेनियंत्रण कायदा झाला; भाडी युद्धपूर्व पातळीवर गोठली, मालकांनी दुरुस्ती थांबवली आणि पोटभाडेकरूंची संख्या वाढत गेली. समाजशास्त्रज्ञ बॅरिंग्टन के यांनी अप्पर नानकिन स्ट्रीट या एकाच रस्त्यावरील कुटुंबांची पाहणी करून १९६० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, आणि या कोंदट जगण्याचा इतका तपशीलवार दस्तऐवज दुसऱ्या कोणत्याही रस्त्याला लाभलेला नाही. तो रस्ता आता नकाशावर नाही.

खोलीत मरण आले तर घराला अशुभ आणि शेजाऱ्यांना अडचण, म्हणून शेवटची घटका जवळ आलेल्या माणसाला सॅगो लेनमधील मृत्युगृहात नेऊन ठेवत. वरच्या मजल्यावर मरणोन्मुख माणसे, खाली शवपेट्या आणि अंत्यविधीची जागा, बाजूला कागदी घरे व कागदी नोटा बनवणारी आणि फुलांची दुकाने अशी त्या गल्लीची रचना होती. कँटोनीज लोक तिला ‘से यान काय’, म्हणजे मेलेल्यांची गल्ली म्हणत. ही प्रथा क्रूर वाटते, पण ज्याला नातेवाईक नाही आणि स्वतःची खोलीही नाही त्याला विधीसह निरोप मिळण्याची हमी तीच देत होती. १९६१ मध्ये मरणोन्मुख माणसांना तेथे ठेवण्यास बंदी झाली.

जपानी अमलाचा घाव या पेठेवर खोल आहे. १९३७ पासून रबर उद्योजक तान का की यांच्या पुढाकाराने चीनच्या युद्धासाठी निधी जमवला जात होता आणि त्याचे एक केंद्र बुकित पासो रस्त्यावरील ई हो हीन क्लब हे होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडताच जपानी सैन्याने त्याचा सूड घेतला. चिनी पुरुषांना रस्त्यांवर गोळा करून त्यांची छाननी झाली आणि अनेक हजारांना किनाऱ्यांवर नेऊन ठार मारण्यात आले. या छाननीच्या एका जागेचे स्मारक आजच्या हाँग लिम संकुलापाशी आहे.

गृहनिर्माण व विकास मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाल्यावर या भागातील कुटुंबे टप्प्याटप्प्याने नव्या वसाहतींत गेली. हे स्थलांतर केवळ लादलेले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नळ, संडास आणि खिडकी असलेल्या घराची किंमत कप्प्यात राहिलेल्या माणसालाच कळते, आणि मैल्याच्या बादल्या उचलण्याची पद्धत सिंगापुरात १९८७ पर्यंत पूर्ण बंद झाली नव्हती. १९६६ मध्ये आगीत जळालेल्या पीपल्स पार्कच्या बाजाराच्या जागी पुढील काही वर्षांत ३१ मजली पीपल्स पार्क कॉम्प्लेक्स उभे राहिले, आणि १९८३ मध्ये रस्त्यावरील फेरीवाले चायनाटाउन कॉम्प्लेक्स या इमारतीत हलवले गेले. रस्ते स्वच्छ झाले आणि शांतही झाले. १९७९ पासून सरकारने बोलींऐवजी मँडरीन बोलण्याची मोहीम चालवली. ज्या बोलींनी पेठेतील गल्ल्या वेगळ्या राखल्या होत्या त्याच मागे पडल्या आणि होक्कियन, तेओच्यू, कँटोनीज हे भेद नव्या पिढीपुरते पुसट झाले.

त्याच सुमारास, १९८३ मध्ये, पर्यटकांची संख्या घटली. पुढच्या वर्षी सरकारी कृतिगटाने कबूल केले की जुन्या वस्त्या पाडण्याच्या भरात शहराने आपले वेगळेपण गमावले आहे. १९८६ मध्ये नगर पुनर्विकास प्राधिकरणाने जतनाचा आराखडा मांडला, तांजोंग पागार येथे शॉपहाउसे नमुन्यादाखल दुरुस्त करून दाखवली आणि ७ जुलै १९८९ रोजी क्रेता आयेर, तेलोक आयेर, बुकित पासो व तांजोंग पागार हे चार उपभाग संरक्षित म्हणून जाहीर केले. दर्शनी भाग, छप्पर, आतला चौक आणि सामाईक भिंती जशाच्या तशा राखायच्या, मात्र आतला धंदा बाजारावर सोडायचा, असे हे धोरण होते. इमारती वाचल्या हे त्याचे मोठे यश आहे आणि आशियातील फार थोड्या शहरांना ते साधले आहे. मुंबई-पुण्यातील वाड्यांची आणि चाळींची गत पाहता ते कमी लेखता येणार नाही. पण नियंत्रित भाडी गेल्यावर कागदी वस्तू बनवणारे, शवपेट्या करणारे, गवती औषधे विकणारे यांतले बरेच जण टिकू शकले नाहीत आणि त्यांच्या जागी स्मरणवस्तूंची दुकाने, कचेऱ्या व मद्यगृहे आली.

१९९८ मध्ये पर्यटन मंडळाने ९.७५ कोटी सिंगापूर डॉलरची योजना मांडून पेठेला संकल्पनेनुसार सजवलेले रस्ते, चिनी पंचतत्त्वांवर आधारित बागा आणि खाद्यपदार्थांचा स्वतंत्र रस्ता देण्याचे ठरवले, तेव्हा तीव्र वाद झाला. सिंगापूर हेरिटेज सोसायटीने २००० मध्ये या प्रश्नावर स्वतंत्र पुस्तक काढून हरकत घेतली. रहिवासी नसलेल्या वस्तीला सजावटीने प्राण येत नाही, हे तिचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते. विरोधामुळे योजनेतील काही भडक कल्पना मागे पडल्या. २००२ मध्ये पॅगोडा स्ट्रीटवरील तीन शॉपहाउसांत वारसा केंद्र उघडले आणि त्यात कप्प्यांतील जीवन पुन्हा मांडून दाखवले गेले. २००७ मध्ये पूर्ण झालेले बुद्धदंत मंदिर मात्र तांग राजवटीच्या शैलीत आहे, जी शैली या पेठेतील कोणत्याही स्थलांतरिताने आपल्याबरोबर आणली नव्हती. प्रवाशांच्या छायाचित्रांत थियान हॉक केंगपेक्षा तेच अधिक दिसते, ही खेदाची बाब आहे.

मुंबईत माझगावच्या डॉकयार्ड रोडजवळ कँटोनीज खलाशी व कारागिरांच्या संघाने १९१९ मध्ये उभारलेले सी यप कून हे देऊळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना तेलोक आयेर अपरिचित वाटणार नाही. समुद्राने आलेल्या माणसांनी देव आणि संघ एकाच छपराखाली ठेवण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे. सिंगापूरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने चायनाटाउनसाठी एक सकाळ राखावी आणि पॅगोडा स्ट्रीटच्या बाजारापासून सुरुवात करू नये. प्रथम तेलोक आयेरवर जुना किनारा चालून घ्यावा, थियान हॉक केंग आणि नागोर दर्गा एकापाठोपाठ पाहावेत, मग अ‍ॅन सियांग टेकडीवर राखलेली जुनी विहीर पाहून साउथ ब्रिज रोडवर उतरावे आणि मरियम्मन मंदिरापाशी पोहोचावे. नंतर चायनाटाउन कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर, जेथे रस्त्यावरून हलवलेल्या फेरीवाल्यांचे वारस आजही चुली पेटवतात, तेथे जेवण घ्यावे. बाजार त्यानंतर पाहिला तरी चालेल.